पाच मार्कांची ताकीद

जर्मनीत मी आयुष्यात एकदाच पोलिसाशी भांडलो, आणि तेही त्यानं लाच मागितली म्हणून. त्यानं लाच मागितली नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मधले वीस-बावीस तास मी स्वतःला धुतल्या तांदळासारखा समजत होतो, आणि ती बातमी विमानाच्या टपालानं पुण्याला वडिलांना कळवूनही टाकली होती.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. मी आखनच्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होतो. बायको आणि मुलगी पुण्यात माझ्या वडिलांकडे होत्या. मी निघालो तेव्हा मुलगी नुकती बसायला लागली होती. आता ती चार वर्षांची होत आली होती आणि मला फक्त फोटोतून ठाऊक होती. तिसऱ्या वर्षी मला इन्स्टिट्यूटमध्ये पगारी सहायकाची जागा मिळाली, टेकाडावरच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या, आणि दोघींना बोलावून घ्यायचं ठरलं. ठरवायला काय जातं! बायकोचा पासपोर्ट वर्षभर कुठल्या टेबलावर पाय पसरून बसला होता देव जाणे.

मार्चमधल्या एका सकाळी इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. पासपोर्ट हातात पडला होता. वडिलांनी जूनच्या बोटीत दोन जागा धरून ठेवल्या होत्या. आता फक्त इथल्या फ्रेम्डनपोलित्सायची परवानगी हवी होती. परदेशी माणसांची नोंद ठेवणारं हे पोलिसांचंच खातं. त्यांनी माझी मुदत वाढवून बायको-मुलीला येऊ द्यायला हरकत नाही असा शिक्का मारला, तरच मुंबईला व्हिसा मिळणार होता. आणि एप्रिलअखेरपर्यंत व्हिसा झाला नाही, तर बोटवाले जागा दुसऱ्याला देणार होते. पुढच्या जागा थेट हिवाळ्यानंतर, असं पत्राच्या शेवटी तिनं दोनदा अधोरेखित केलं होतं.

पत्र वाचून झालं तेव्हा साडेअकरा वाजले होते. ती कचेरी बाराला बंद व्हायची, ती दोन दिवसांनी उघडायची. अर्ज मी महिनाभर आधीच भरून खणात ठेवला होता. बस नुकतीच गेली होती. मी आमच्या वर्कशॉपच्या माइस्टरकडे धावत गेलो. माइस्टर म्हणजे कार्यशाळेचा प्रमुख. पन्नाशीचा, बुटका, रुंद माणूस. त्याच्याकडे करड्या रंगाची छोटी फोक्सवॅगन होती आणि तिच्यावर तो रविवारी सकाळी चर्चला जाण्याऐवजी पॉलिश चढवायचा. मी श्वास न घेता सगळं सांगितलं. त्यानं चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, “आल्झो, तर मग, गिअर हळू टाका. ती हळवी आहे.”

लायसन मी पहिल्याच वर्षी हौसेनं काढलं होतं, पण गाडी क्वचितच हातात यायची. त्या दिवशी मला गाडीत बसल्यासारखं वाटतच नव्हतं. टेकाडावरून गावात उतरणारा सरळ, रुंद रस्ता होता. एका बाजूला लांबलचक विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला बॉम्बनं पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा. मी मोठ्यानं गात होतो. काय गात होतो ते आता आठवत नाही, पण मला गाता येत नाही एवढं नक्की.

उताराच्या तळाशी एक पोलीस लाल-पांढरी चकती घेऊन रस्त्यात आला. मी थांबलो. चाळिशीचा, उंच, थोडा वाकलेला. नमस्कार करून तो म्हणाला की गावात पन्नासची मर्यादा आहे आणि वरच्या रडारनं माझा वेग अडुसष्ट दाखवला आहे. वर एक करड्या रंगाची पेटी तिवईवर उभी होती. मी ती येताना पाहिली होती आणि मोजणीवाल्यांचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिली होती. इन्स्टिट्यूटमध्ये रडारच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत तीन वर्षं काम करणाऱ्या माणसाला रस्त्यावरचं रडार ओळखू येऊ नये, यालाच काखेत कळसा म्हणतात.

मग तो जे म्हणाला त्यानं माझं डोकं फिरलं. “पाच मार्क द्या,” तो म्हणाला, “म्हणजे विषय इथेच मिटला.”

इथे मला थोडं मागे जावं लागेल. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. ज्या काळात लोक कचेरीत जाताना अर्जासोबत कोणाचे हात किती ओले करायचे याचाही अंदाज बांधून जात, त्या काळात आमच्या घरी आलेली आंब्याची पाटी तशीच परत जायची. आम्ही भावंडं खिडकीतून त्या आंब्यांकडे बघत राहायचो. “इथेच मिटवून टाकू” हे वाक्य वडिलांच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि ते प्रत्येक वेळी कुठल्यातरी लाचखाऊ माणसाची नक्कल करताना. दंड करायचा तर न्यायाधीशानं, कोर्टात. रस्त्यात हात पसरून पाच मागणारा पोलीस कोण असतो, हे आमच्या घरातलं पोरही सांगू शकलं असतं.

शिवाय आमच्या घराण्यात राग नाकावर असतो. मी त्याला म्हणालो, “मी सरकारी माणसाच्या हातावर पैसे ठेवत नाही.” तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही नकार देता?” मी म्हणालो, “नकारच नाही, तुमच्यासारखे मला पुष्कळ माहीत आहेत. माझे वडील तुमच्यासारख्यांना पायरीवरूनच हाकलून देतात.” माझं जर्मन एरवी अडखळत चालायचं, पण रागात ते असं सरळ धावत सुटायचं की माझं मलाच कौतुक वाटायचं.

 पोलिसाच्या दुसऱ्या हातात छापील चिठ्ठ्यांचं एक पुस्तक होतं. ते त्यानं मिटून खिशात ठेवलं. वही काढून माझं नाव-गाव, पत्ता, गाडीचा नंबर लिहून घेतला, सलाम केला आणि जायला सांगितलं. त्या छापील पुस्तकाकडे मी नीट बघितलंसुद्धा नाही.

कचेरीत पोचलो तेव्हा बाराला सात मिनिटं होती. खिडकीमागे चष्मा लावलेली एक पोक्त बाई बसायची. तिनं अर्ज घेतला, तपासला, ठीक आहे म्हणाली, बुधवारी या म्हणाली. मी तिला दोनदा धन्यवाद दिले. संध्याकाळी खोलीवर येऊन वडिलांना पत्र लिहिलं: इथेही हात पसरणारे आहेत, पण तुमचा मुलगा बधला नाही. ते पत्र पेटीत टाकून मी छान झोपलो.

सकाळी माइस्टरला चावी परत देताना सगळी हकिगत रंगवून सांगितली. तो आधी काम करता करता ऐकत होता. मग त्यानं हातातली फाइल खाली ठेवली, स्टुलावर बसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“ती लाच नाही हो,” तो म्हणाला. “ती फेरवार्नुंग. ताकीद! किरकोळ गुन्हा असला की पोलीस रस्त्यातच पैसे घेतो, पुस्तकातून चिठ्ठी फाडून देतो, ती पावती. तुम्ही पैसे दिलेत की तुमच्या नावावर काही राहत नाही. नाही दिलेत तर मग रीतसर तक्रार, कागद, चौकशी. पाच मार्क वाचवायला कोणी एवढं करत नाही.” मग तो हसायचा थांबला. “तुम्ही त्याला नक्की काय काय म्हणालात?”

मी सांगितलं. पायरीवरून हाकलण्याचंही सांगितलं.

“पोलिसाला लाचखाऊ म्हणालात,” माइस्टर म्हणाला. “इथे अधिकाऱ्याचा अपमान हा वेगळा गुन्हा आहे. तो किरकोळ नाही.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पत्र तर पेटीतून केव्हाच गेलं होतं.

माइस्टरनं मला धीर द्यायचा म्हणून पोलिसांना शिव्या घातल्या. त्याच्या मते ती पेटी म्हणजे निव्वळ वाटमारी होती. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत गावात वेगाला मर्यादाच नव्हती, आम्ही हवं तसं हाकत होतो, तेव्हा काय आकाश कोसळलं होतं? आणि पेटी ठेवतात कुठे? जिथे चौक वाईट आहे, जिथे ट्राम वळते, तिथे नाही. सरळ रस्ता, चांगला उतार, जिथे गाडी आपोआप साठला जाते, बरोबर तिथे. “गेनाऊ तिथेच!” टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला. “नगरपालिकेला पैसा हवा असला की त्यांना सुरक्षितता आठवते.” मला ते शंभर टक्के पटलं. पटायला मला दुसरा पर्याय काय होता?

आम्ही दोघांनी मिळून त्या यंत्रातही खोट काढायचा प्रयत्न केला. एक संपूर्ण दुपार कागद पसरून बसलो. पेटी रस्त्याच्या कडेला, गाडी तिच्यापुढून तिरकी जाते, म्हणजे मोजणीत चूक येणार हे उघड होतं. चूक सापडली. ती अशी होती की यंत्र खऱ्या वेगापेक्षा किंचित कमीच दाखवतं. म्हणजे मी अडुसष्टपेक्षा जोरातच असणार. माइस्टरनं तो कागद चारदा घडी घालून भट्टीत टाकला, आणि आम्ही अळीमिळी गुपचिळी केली.

बुधवारी कचेरीत गेलो. चष्मेवाल्या बाईनं माझी फाइल काढली, शिक्का हातात घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. माझ्याविरुद्ध कुठली चौकशी चालू आहे का?

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. वाहतूक पोलिसांचा कागद अजून वरच्या मजल्यावरून या खिडकीपर्यंत आला नसेल, कदाचित येणारही नाही. शिक्का तिच्या हातात होता. मला तो रबरी शिक्का, त्याची लाकडी मूठ, त्यावर तिचा अंगठा, सगळं आजही दिसतं. पण ज्या माणसानं चार दिवसांपूर्वी प्रामाणिकपणाचा झेंडा पुण्याला पाठवला होता, तो आता कसा खोटं बोलणार? मी म्हणालो, “हो. असावी.” आणि काय झालं ते सांगितलं.

बाई वाईट नव्हती. तिनं शिक्का खाली ठेवला आणि म्हणाली, “मग निकालाचा कागद घेऊन या. तोवर मला काही करता येणार नाही.” किती दिवस लागतील विचारलं तर खांदे उडवले. कधी दोन आठवडे, कधी दोन महिने.

एप्रिल जवळ येत होता. मी बायकोला काहीच कळवलं नाही. नुसतं ‘काम चालू आहे’ असं लिहीत राहिलो. वडिलांना मात्र दुसरं पत्र लिहिलं, कारण पहिलं पत्र माझ्या छातीवर बसलं होतं. ती लाच नव्हती, पोलीस सरळ होता, पाच मार्क देणंच योग्य होतं, माझं चुकलं. वडील उलट टपाली उत्तर देणारे. बोटीच्या तिकिटाबद्दल त्यांनी लिहिलं, नातीच्या देवीच्या लशीबद्दल लिहिलं, पण या प्रकरणावर एक अक्षर नाही. ते मला त्यांच्या रागावण्यापेक्षाही वाईट वाटलं.

रोज संध्याकाळी मी घरी येऊन पत्रपेटी उघडायचो. पोलिसांचं पाकीट नसलं तरी भीती, असलं तरी भीती. अपमानाचा खटला झाला तर शिक्का सोडाच, माझीच मुदत संपून मला परत जावं लागलं असतं. डॉक्टरेट अर्धी, दोन खोल्यांचं भाडं भरलेलं, आणि पुण्याच्या स्टेशनावर उतरून मी वडिलांना काय सांगणार होतो? की तुमच्या तत्त्वामुळे परत आलो?

तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. जिन्यात उभं राहूनच मी ते फाडलं. त्यात खटला नव्हता. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता अमुक शाळेत वाहतुकीच्या वर्गाला हजर राहायचं होतं. दोन तास. फी नाही. हजेरीचं प्रमाणपत्र मिळेल आणि प्रकरण बंद होईल. अपमानाचा कुठेही उल्लेख नव्हता. मी ते पत्र तीनदा वाचलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून पुन्हा वाचलं. माझा जीव भांड्यात पडला, निदान अर्धा तरी.

शाळा कुठे आहे ते शोधत गेलो तर पत्ता त्याच उताराचा निघाला. ती लांबलचक विटांची भिंत शाळेची होती. मी रोज बसमधून तिच्यावरून जायचो आणि तिच्यामागे कारखाना असेल असं समजत होतो. भिंत जिथे संपते तिथे फाटक होतं, आणि फाटकासमोर रस्त्यावर पुसट झालेले पांढरे पट्टे. वरून येणाऱ्याला ना फाटक दिसायचं ना पट्टे.

वर्गात आम्ही नऊ-दहा जण होतो. पहिलीची बाकं. सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले. शेजारी एक खाटीक होता, तो बाकात अडकलाच. आणि फळ्यासमोर खडू घेऊन उभा होता तोच उंच, थोडा वाकलेला पोलीस.

त्यानं मला ओळखलं. मी मान खाली घातली. तो शिकवायला लागला. कंटाळवाणं शिकवत होता, खरं सांगायचं तर. तक्ते, चिन्हं, कोणाला आधी जाऊ द्यायचं. खाटीक मध्येच म्हणाला, “पाच वर्षांपूर्वी मर्यादा नव्हती, तेव्हा आम्ही मेलो होतो का?”

“हो,” पोलीस म्हणाला. “तुम्ही नाही, दुसरे. मी उचलायला जायचो.”

आवाज चढवला नव्हता. 

मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. “हे गृहस्थ विद्यापीठात आहेत. हे आपल्याला गणित करून दाखवतील.” मी बाकातून कसाबसा निघालो आणि फळ्यापाशी गेलो. त्यानं गणित सांगितलं. फाटकातून मूल रस्त्यावर येतं तेव्हा गाडी तीस मीटरवर आहे. माणसाला ब्रेकवर पाय ठेवायला एक सेकंद लागतो असं धरा. पन्नासनं येणारी गाडी कुठे थांबेल?

सोपं होतं. मी आकडे मांडले. पन्नासची गाडी मुलापाशी येऊन जेमतेम थांबते. “छान,” तो म्हणाला. “आता अडुसष्टची गाडी. ती मुलापाशी येईल तेव्हा तिचा वेग किती उरला असेल?”

मी मनात अंदाज केला. अठरानं जास्त, म्हणजे अठराच्या आसपास काहीतरी उरेल. धक्का लागेल, पोर पडेल, खरचटेल. हात चालू लागला. पहिल्या सेकंदातच एकोणीस मीटर गेले. उरले अकरा. वेगाचा वर्ग, त्यातून ब्रेकनं खाल्लेला भाग वजा, मग वर्गमूळ. मी उत्तर लिहिलं आणि मला वाटलं चुकलं. पुसून पुन्हा केलं. तेच आलं.

चोपन्न.

पन्नासची गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे माझी गाडी चोपन्ननं पोराला उडवते. परवानगी असलेल्या पूर्ण वेगापेक्षाही जास्त. मी इंजिनिअर. असली गणितं मी झोपेत करायचो, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायचो, आणि हे एक गणित मला कधी करावंसं वाटलं नव्हतं. खडू हातात घेऊन मी त्या आकड्याकडे बघत उभा राहिलो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “ही शाळा सुटते किती वाजता?”

“लहान वर्ग पावणेबाराला,” पोलीस म्हणाला.

मी त्या दिवशी कधी तिथून गेलो होतो ते मला सांगायची गरज नव्हती.

वर्ग संपल्यावर सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. मी मुद्दाम शेवटी थांबलो. माफी मागायची म्हणून रात्रभर घोकलेलं वाक्य काढलं. त्या दिवशी मी जे बोललो, माझ्या देशात रस्त्यात पैसे मागणारा पोलीस म्हणजे, माझे वडील...

त्यानं हात वर केला. “त्या दिवशी तुम्ही भराभर काहीतरी बोललात खरं,” तो म्हणाला. “पण माझं जर्मन तेवढं चांगलं नाही. मला काही कळलं नाही.” आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं त्यानं फळा पुसायला घेतला.

मी बाहेर आलो आणि त्या भिंतीला टेकून मोठ्यानं हसलो. मग थोडा रडलोही, सांगायला लाज कशाची. सोमवारी चष्मेवाल्या बाईनं प्रमाणपत्र पाहिलं, फाइलला टाचणी लावली आणि शिक्का मारला. दोनदा, एक माझ्यासाठी आणि एक दोघींसाठी. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. तिथून मी थेट तार-ऑफिसात गेलो.

माइस्टरला मी वर्गाची हकिगत सांगितली तेव्हा त्याची पंचाईत झाली. “म्हणजे पाच मार्क घेतलेच नाहीत?” त्यानं विचारलं. “उलट शनिवारी एक पोलीस दोन तास खर्ची घातला, वर्ग गरम करायला कोळसा जाळला? मग नगरपालिकेला मिळालं काय?” मी म्हटलं, माझा शनिवार. त्याला ते पटलं नाही. आणि तो पूर्ण चूक होता असंही मी म्हणणार नाही. पुढे काही महिन्यांनी तीच पेटी मी गावाबाहेरच्या एका रिकाम्या रस्त्यावर पाहिली. तिथे ना शाळा होती, ना घर, कुंपणापलीकडे फक्त गाई. तिथे मात्र मी माइस्टरच्याच बाजूनं पोलिसांना शिव्या घातल्या. माझा विश्वास बसला तो त्या एका उतारावर, त्या एका फाटकासमोर.

जूनमध्ये दोघी आल्या. बोटीनं जिनोआ आणि तिथून दीड दिवस आगगाडी. माइस्टरनं न मागता चावी दिली आणि गिअरबद्दल पुन्हा सांगितलं. फलाटावर बायको मला लांबूनच दिसली. रेशमी साडीवर माझाच जुना कोट, आणि तिच्या पदराला धरून फोटोतल्यापेक्षा किती तरी मोठी मुलगी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला विचारलं, “हेच का?” आई हो म्हणाली. “बरं,” मुलगी म्हणाली.

दोघी मागच्या सीटवर बसल्या. घरी जायला तोच रस्ता होता, या वेळी चढाचा. थोडं पुढे गेल्यावर बायको म्हणाली, “अहो, मामंजींनी तुमच्यासाठी पत्र दिलंय. टपालाचा खर्च वाचेल म्हणाले.” मी म्हटलं, वाच. तिनं पर्समधून काढलं आणि वाचू लागली.

“अनेक आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिल्यात पैसे दिले नाहीत म्हणून तुला आनंद झाला होता. दुसऱ्यात द्यायला हवे होते म्हणून तू शरमला होतास. पैशाची बाजू समजली. गाडी एवढ्या जोरात का हाकत होतास, याचा खुलासा दोन्ही पत्रांत नाही. कळवणे.”

ती थांबली. “हे काय प्रकरण? तुम्ही मला काही लिहिलं नाहीत. कसली एवढी घाई होती?”

 वडील तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचत आले होते, आणि अर्जात काय लिहिलेलं नाही ते त्यांना आधी दिसायचं. खिशात तिचं पत्र, ओठावर गाणं, समोर भिंत आणि भिंतीमागे सुटत असलेली शाळा. माझी लेक मला भेटणार म्हणून मी कोणाची तरी लेक...

“तुमचीच,” मी म्हणालो. “तुमच्या दोघींची.”

फाटकापाशी पोचलो तेव्हा दुपारची शाळा सुटली होती. मी पट्ट्यांच्या अलीकडे गाडी थांबवली. पाठीवर चामड्याची दप्तरं घेतलेली पोरं रस्ता ओलांडू लागली. एक, दोन, मग हातात हात धरून तिघी, मग एक एकटीच, बुटाचा बंद लोंबकळत असलेली, मध्येच थांबून आमच्या गाडीत डोकावणारी. माझ्या लेकीनं काचेला नाक लावून तिच्याकडे पाहिलं. सगळी पोरं पलीकडे गेली तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना.

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. मग पुन्हा, लांब.

“मागचे रागावलेत,” मुलगी मला म्हणाली. मला उद्देशून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

“रागावू देत,” मी म्हणालो.